बाबांची बार्शी लाइट आणि वेल्समधली छोटी गाडी

भगवंतनगरी (बर्मिंगहॅम)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबणार आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय विचारता येत नाही.

माझे बाबा एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी आमच्याकडे येताहेत. वय ७१. जिल्हा परिषदेच्या शाळेत कार्यानुभव शिकवायचे, सुतारकामात हात बसलेला आहे. आई गेल्यापासून बार्शीच्या घरी एकटेच असतात. गेल्या वेळी आले तेव्हा आम्ही दोघं कामावर, मुलगा शाळेत आणि बाबा दिवसभर खिडकीत. तिसऱ्याच आठवड्यात म्हणाले, "तिकीट अलीकडचं करून मिळतंय का बघ." ते मला अजून विसरता आलेलं नाही.

माझे आजोबा बार्शी लाइटवर, म्हणजे बार्शीच्या जुन्या छोट्या रेल्वेवर, चावीवाले होते. रोज सकाळी हातोडा खांद्यावर टाकायचा, नेमून दिलेले मैल चालायचे, सैल चावी (रूळ पकडून ठेवणारी पाचर) दिसली की ठोकायची, सुटलेला बोल्ट आवळायचा आणि परत यायचं. लागले कंपनीच्या काळात. १ जानेवारी १९५४ला सरकारनं लाइन ताब्यात घेतली, आणि त्याच वर्षी बाबांचा जन्म. त्यांचं सगळं लहानपण शेंद्रीच्या बाजूला रुळाच्या कडेनं गेलंय. आता ते आठवणीतून त्या गाडीचे डबे करतात. पुठ्ठा, जुन्या दाराचं सागवान, सायकलच्या आऱ्यांच्या दांड्या. पाच डबे झालेत. चाकं एकालाही नाहीत, कारण रूळ कुठले आणायचे ते त्यांना कळत नाही.

गेल्या ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही वेल्समधल्या वेल्शपूलला गेलो होतो, मुलाला वाफेचं इंजिन दाखवायला. मी फलाटावरून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "फोन खाली कर. रुळांमधलं अंतर किती आहे विचार." गार्डला विचारलं, तो म्हणाला, दोन फूट सहा इंच. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपलंच माप की गं."

तिथलं जवळजवळ सगळं काम बिनपगारी माणसं करतात, हे मला त्याच दिवशी कळलं. तेव्हापासून डोक्यात आहे. बाबांना तिथे काही करता येईल का? ते व्हिजिटर व्हिसावर असतील, तो अडथळा ठरेल का? इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळतात. गुडघा एक कुरकुरतो. आणि त्यांच्या डब्यांना रूळ कोणत्या मापाचे घ्यायचे? दुकानात ओओ, एन, एचओ असं सगळं बघून मी हात हलवत परत आले.

---

कुर्डुवाडी क्वार्टर्स (टेलफर्ड)

ताई, तुमच्या बाबांचं "आपलंच माप" वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. मी कुर्डुवाडीचा, रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेला. वडील तिथल्या वर्कशॉपात फिटर. गेली सहा वर्षं एकाआड एक शनिवारी मी त्याच वेल्शपूल-लानव्हायरच्या लाइनवर जातो. (लानव्हायरमधला पहिला 'ल' आपला नव्हे. जीभ 'ल'ला लावतो तशी टेकवायची आणि दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडायची. मला दोन हिवाळे लागले.)

आधी व्हिसाचं. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, मात्र येण्याचा मुख्य हेतू तुम्हाला भेटणं हाच असला पाहिजे. ही रेल्वे चालवणारी संस्था धर्मादाय म्हणून नोंदलेली आहे. तरी बाबा यायच्या आधीच त्यांना ईमेल करा आणि व्हिसाचा प्रकार, वय, गुडघा, सगळं स्पष्ट लिहा. आठवड्याला एक दिवस धरला तर सहा महिन्यांत २५-२६ दिवस होतात. ते वहीत मांडून ठेवा, ३०च्या पुढे जाऊ देऊ नका.

आता काम कोणतं. इंजिनावर नाही, हे बाबांना आधीच सांगा, म्हणजे मन खट्टू होणार नाही. तिथे इंजिन पुसणाऱ्यापासून सुरुवात होते, मग फायरमन, मग ड्रायव्हर, आणि या वाटेत वर्षं जातात. मी पाहिलेल्या नव्या माणसांपैकी निम्मे फावडं हातात मिळेल म्हणून येतात आणि पहाटे राखपेटी उपसायला लागली की तिसऱ्या खेपेला दिसत नाहीत. जे टिकतात ते वेगळ्याच कामाला चिकटलेले असतात. कुणी तिकीट खिडकी धरतं, कुणी कुंड्या, कुणी फक्त कुंपणाला रंग देतं.

मी रुळाच्या टोळीत आहे. खराब स्लीपर काढणं, खडी ठोकून बसवणं, चर मोकळे करणं, झुडपं छाटणं. पहिल्या दिवशी मला सांध्यांचे बोल्ट दिले. फिटरचा मुलगा मी, जीव खाऊन आवळले. आमची मुकादम, ६८ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका, शेजारी येऊन बसल्या आणि मला प्रत्येक बोल्ट अर्धा फेरा परत ढिला करायला लावला. उन्हाळ्यात रूळ लांबतो, त्याला सांध्यात सरकायला जागा लागते, म्हणून तर सांध्याच्या जोडपट्टीच्या आत ग्रीस लावायचं. घट्ट म्हणजे चांगलं, हे मी चाळीस वर्षं धरून बसलो होतो. त्या रात्री कुर्डुवाडीला फोन करून वडिलांना सांगितलं, तर म्हणाले, "मग? चावीवाला काय नुसता ठोकत चालतो व्हय? कुठलं ठोकायचं नाही हे त्याला कळतं." तुमच्या आजोबांच्या हाताला हे ठाऊक असणार, म्हणून मुद्दाम सांगितलं.

रुळावर पाऊल ठेवायला सुरक्षेचं प्रशिक्षण लागतं, स्टीलच्या टोपीचे बूट लागतात, दिवसभर ओणवं राहावं लागतं. ७१ वर्षं आणि कुरकुरता गुडघा, तर मी टोळीचा आग्रह धरणार नाही. तुमच्या बाबांची जागा डब्यांकडे आहे. तिथे ऑस्ट्रियातल्या झिलरटाल रेल्वेचे जुने लाकडी डबे आहेत. त्यांचं माप ७६० मिलिमीटर, वेल्शपूलचं ७६२, म्हणून चालतात. दोन्ही टोकांना उघडा सज्जा. लाकूड म्हटलं की पाणी मुरतं, जोड उघडतात, रंग सुटतो. असे डबे घासायला, फटींत लांबी (पुट्टी) भरायला, रंगवायला हात कायम कमी असतात. सागवान ओळखणाऱ्या माणसाला इंग्रजी किती येतं हे तिथे कुणी विचारणार नाही.

आणि त्या लाइनची हकिगत बाबांना तुमच्या तोंडून सांगा. १९०३ साली सुरू झाली. १९३१ला प्रवासी बंद, १९५६ला मालही बंद. म्हणजे पुरती मेली. 'द अर्ल' आणि 'द काउंटेस' ही १९०२ची दोन इंजिनं ऑस्वेस्ट्रीच्या कारखान्यात झाकून ठेवलेली होती. वेल्समध्येच टॅलिलिन नावाची त्याहून चिमुकली लाइन १९५१ साली स्वयंसेवकांनी चालवून दाखवली होती, जगातली अशी पहिली. ते बघून इथेही माणसं जमली. अर्ल १९६१ला परत आणलं, काउंटेस पुढच्या वर्षी, आणि ६ एप्रिल १९६३ला गाडी पुन्हा सुरू केली, फक्त लानव्हायरकडच्या थोड्या टप्प्यात. दोन वर्षं व्हायच्या आतच, डिसेंबर १९६४ला, बान्वी नदीच्या पुरानं पुलाचा खांब गेला. पैसे नव्हते. वर्गणी काढली, लष्कराच्या इंजिनिअरांनी हात दिला, १९६५ला पूल उभा. वेल्शपूलपर्यंत परत पोचायला १९८१ उजाडलं. १८ वर्षं! त्यात गोल्फाचा चढ, २९ फुटांना १ फूट. मी तिथे पहिल्यांदा स्लीपर उचलला तेव्हा वाटलं, या माणसांनी दर शनिवारी येऊन हा सगळा डोंगर हातानं परत मिळवलाय.

एक शेवटचं. आपल्या बार्शी लाइटचा जन्मच मुळी अर्धा इंग्लंडातला. तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. अरुंद रुळावरही जड माल नेता येतो हे लोकांना पटावं म्हणून त्यानं बार्शीची इंजिनं आणि वाघिणी (मालडबे) आधी लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून चालवून दाखवली. एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नाही, हा त्याचा हिशोब. मग १८९७ला आपल्याकडे बार्शी रोड, म्हणजे आपली कुर्डुवाडी, ते बार्शी टाउन गाडी धावली. तिथलं शिकलेलं त्यानं स्टॅफर्डशरमध्ये वापरलं. लीक अँड मॅनिफोल्ड लाइट रेल्वे, १९०४, तेच माप. तिच्या इंजिनांना हिंदुस्थानातल्यासारखे मोठ्ठे दिवे होते. ती १९३४ला बंद झाली, रूळ निघाले, आता तिथे चालायची सपाट वाट आहे, हल्म एंडपासून वॉटरहाउसेसपर्यंत. तुम्हाला बर्मिंगहॅमहून गाडीनं जवळ. बाबांना तिथे घेऊन जा. बार्शीचीच सख्खी बहीण आहे ती, आणि तिच्या अंगावरून चालायला गुडघ्याला त्रास होत नाही.

---

अर्धा इंच (पुणे)

मी फक्त मापाचं बोलतो, बाकी कुर्डुवाडीकरांनी सांगितलंच आहे.

ताई, दुकानदार तुम्हाला ९ मिलिमीटरचे रूळ देईल. ते वाईट नाहीत. १ला ८७ या प्रमाणात आपलं ७६२चं माप ८.७६ येतं, म्हणजे ९च्या अगदी जवळ. ब्रिटिश मंडळी १ला ७६ प्रमाण धरून तेच ९चे रूळ वापरतात, तिथे खरं तर १० हवेत, पण डोळ्याला खटकत नाही. एन गेजच्या, म्हणजे याच ९च्या रुळांवरच्या, इंजिनाची मोटार आणि चाकं आयती मिळतात, हा मोठा फायदा. पण त्या मापात डबा बोटभर होतो आणि खिडकीची चौकट काडेपेटीच्या काडीहून बारीक. ७१ वर्षांच्या डोळ्यांनी सागवान तासून ते करायचं? मी ५२चा आहे आणि भिंग लावून बसतो.

म्हणून माझं ऐका. अर्धा इंच म्हणजे एक फूट धरा. १ला २४. मग अडीच फुटांचे रूळ होतात सव्वा इंचाचे, म्हणजे ३१.७५ मिलिमीटर. आणि ओ गेजचे रूळ बाजारात मिळतात ३२चे! इतका सरळ मेळ दुसऱ्या कुठल्याच प्रमाणात बसत नाही. बाबांनी आयुष्यभर फूट-इंचांतच खुणा केल्या असतील, त्यांना गणकयंत्र लागणार नाही. २५ फुटांची वाघीण साडेबारा इंच लांब. हातात धरता येते, पटाशी चालते, बिजागरीचं दारसुद्धा करता येतं. ओ गेजची चाकं आसासकट सुटी विकत घ्या, चाकं घरी करायच्या भानगडीत पडू नका. तिरकी झाली तर गाडी प्रत्येक सांध्याला उतरते आणि माणसाचा हुरूप जातो. मात्र ओ गेजची चाकं १ला ४८च्या आसपासच्या गाड्यांसाठी केलेली असतात, म्हणून व्यास आधी मोजून घ्या. मोठ्या वाघिणीखाली फार लहान दिसतील ती घेऊ नका.

वळण मात्र मोठं ठेवा, जागा लागेल. सरळ चार फूट रूळ, एक फलाट, रूळ बदलायचा एक सांधा, एवढंच केलं तरी पुरे. पुण्याला कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वे संग्रहालयात अख्खं शहर आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या आहेत, १९९८पासून. भाऊ जोशींनी ते आयुष्यभर जमवून उभं केलं. बघायला जरूर जा. पण घरी परतल्यावर तेवढं करायला घेऊ नका.

---

मिरज जंक्शन (मिरज)

वाचतोय. बरं वाटतंय आणि थोडं खटकतंयही, म्हणून लिहितो.

मी ३४ वर्षं रेल्वेत काढली, त्यातली १९ छोट्या लाइनवर. वेल्सची गोष्ट सुंदर आहे, पण तिचा शेवट असा होऊ नये की बघा, त्यांनी जपलं आणि आपण घालवलं. त्यांची लाइन बंद पडली होती, कुणाला तिची गरज उरली नव्हती. आपली लाइन चालू होती. मिरजेहून पंढरपूरला जाणाऱ्या बाईला किती तास लागायचे ते मी रोज बघायचो. कुर्डुवाडीला प्रत्येक पोतं छोट्या वाघिणीतून मोठ्या वाघिणीत उचलून टाकायला लागायचं, हमालांच्या पाठी मोडायच्या. आषाढीला डब्यात पाय ठेवायला जागा नसायची. रूळ रुंद झाले, लातूरचा माणूस आता गाडी न बदलता मुंबईला उतरतो. मला त्याचं दुःख नाही. मी स्वतः मिरज-पंढरपूर रुंद झाल्यावर पहिल्या आठवड्यात तिकीट काढून बसलो होतो.

ताई, आजोबा चावीवाले होते म्हणालात. त्या माणसांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. त्याचं मात्र दुःख आहे.

---

कुर्डुवाडी क्वार्टर्स (टेलफर्ड)

काका, तुमचं बरोबर आहे आणि मी नीट लिहायला हवं होतं. रुंद व्हायलाच हवी होती. माझी आत्या बाळंतपणासाठी लातूरहून आली तेव्हा गाडीतच रात्र गेली होती, ते घरात अजून सांगतात.

मला जे लागतं ते एवढंच की काही मोजून ठेवलं नाही. इथल्या लोकांकडे जुन्या डब्यांची मापं होती. मूळचे डबे राहिले नव्हते, तरी त्या मापांवरून हुबेहूब नवे डबे करून घेतले आणि आज त्यांत माणसं बसतात. बार्शी लाइटच्या डब्यात बाक किती उंच होता, खिडकीची फळी वर सरकायची की खाली, हे कुणाला विचारायचं? तुमच्या १९ वर्षांत काही टिपलं असेल तर इथे लिहाल का? तुमचं अक्षर आणि ताईंच्या बाबांचे हात, असं होऊन जाईल.

---

मिरज जंक्शन (मिरज)

डायऱ्या माळ्यावर आहेत. मुलाला शिडी लावायला सांगतो. डब्यांचं सगळं नसेल, पण ब्रेकव्हॅन (गार्डचा डबा) मी एकदा स्वतः मोजली होती, बदलायच्या फळ्यांची मागणी लिहायला. ते पान असायला हवं.

---

भगवंतनगरी (बर्मिंगहॅम)

उशिरा लिहितेय, माफ करा. बाबा येऊन सात आठवडे झाले.

ईमेलचं उत्तर चार दिवसांत आलं होतं. आता ते दर गुरुवारी जातात. पहिल्या दोन वेळा मी सोबत गेले, आता एकटे जातात. बर्मिंगहॅमहून थेट गाडी आहे, वेल्शपूलला उतरून गावातून मैलभर चालत रेव्हन स्क्वेअर, म्हणजे छोट्या गाडीचं स्टेशन. मी म्हटलं टॅक्सी करा, तर म्हणाले, पूर्वी छोटी गाडी याच गावातून, घरांच्या मधून मोठ्या स्टेशनापर्यंत यायची, मी तिच्याच वाटेनं जातो. वहीत आजवर ६ दिवस मांडलेत.

त्यांना सज्जाच्या कठड्याचं लाकूड घासायला दिलंय. पहिल्या दिवशी दिलेला घासकागद त्यांनी परत केला आणि पिशवीतून बार्शीहून आणलेला स्वतःचा रंधा काढला. मी घाबरले, कुणाला राग येईल म्हणून. तिथल्या बाईंनी रंधा हातात घेतला, पातं बघितलं, आणि त्यांना एक कुजका तुकडा देऊन "यावर दाखवा" अशी खूण केली. बाबांनी दाखवलं. त्यानंतर रंधा तिथेच कपाटात राहतो, त्यावर बाबांचं नाव चिकटवलंय, इंग्रजीत आणि खाली त्यांनी स्वतः मराठीत.

मॅनिफोल्डच्या वाटेवरही जाऊन आलो. मुलगा सायकलवर पुढे, बाबा मागे. ते मधेच थांबून कडेची माती पायानं उकरत होते. मी विचारलं काय शोधताय, तर म्हणाले, "एखादी चावी."

अर्धा इंच, तुमचं ऐकलं. सव्वा इंचाचे रूळ आणलेत, सरळ चार फूट. जुने पाचही डबे बाबांनी बाजूला ठेवले आणि सहावा सुरू केलाय, वाघीण, साडेबारा इंचांची.

मिरजेचे काका, बाबा शेजारी बसलेत आणि मला टाइप करायला सांगताहेत, ते जसंच्या तसं देते: "साहेब, नमस्कार. तुम्ही पाठवलेलं ब्रेकव्हॅनचं पान मिळालं. फळ्यांची रुंदी समजली. मागच्या दाराला कडी आतून होती का बाहेरून, ते पानावर नाही. मला आठवतं त्याप्रमाणे बाहेरून होती, कारण गार्डसाहेब मला आत बसवून कडी लावायचे आणि शेंद्रीला उघडायचे. पण मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. तुम्ही सांगाल तशी लावतो."

---

मिरज जंक्शन (मिरज)

बाहेरून. तुम्हाला बरोबर आठवतंय. आतून एक लहान खिट्टीही होती, पण ती बहुतेक वेळा तुटलेली असायची. दोन्ही लावा.